मक्याचा पोंगा पांढरा पडला तर: चिलेटेड झिंक कधी, किती आणि कसे

जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीच्या बाजूला फिरलात, तर हिरव्या मक्यात मधेच एखादा फिकट पट्टा दिसतो. जवळ जाऊन पाहावे तर रोपे खुजी, पेरी आखूड आणि पोंग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांच्या सुरळीतून, निघणारी पाने बुडाशी पांढुरकी. मग मोबाइलवर फोटो काढायचा, दुकानात दाखवायचा आणि चिलेटेड झिंकचा (सेंद्रिय रेणूने धरून विरघळते ठेवलेल्या जस्ताचा) पुडा घेऊन यायचे, असा रिवाजच झाला आहे. पुष्कळदा तो उपाय बरोबर असतो. पण तितक्याच वेळा पांढरेपणाचे कारण दुसरेच निघते. कधी कारण जस्ताचेच असते, पण फवारणीला उशीर झालेला असतो. आणि काही जण दर हंगामाला फवारणी करतात, पण जमिनीत जस्त कधीच घालत नाहीत. म्हणून त्यांच्या शेतात तोच पट्टा पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो.

चिलेटेड झिंक उभ्या पिकाला वेळेवर हात देते. जमिनीची भूक भागवण्याचे काम वेगळे आहे आणि त्याचे खतही वेगळे आहे. या दोन कामांची गल्लत झाली की शेतकऱ्याचा पैसा जातो. इथे मक्याचे उदाहरण धरले आहे, कारण जस्ताची कमतरता मक्याइतकी लवकर आणि इतकी स्पष्ट दाखवणारी पिके थोडी आहेत.

आधी खात्री करा की हे जस्तच आहे

मक्यात जस्ताची कमतरता उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत दिसू लागते. खूण पक्की आहे. नव्या पानाच्या बुडाकडच्या अर्ध्या भागात, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढरे किंवा फिकट पिवळे पट्टे पडतात. मधली शीर आणि पानाची कड मात्र हिरवीच राहते. कमतरता तीव्र असेल तर पोंगाच पांढरा निघतो. पेरी लांबत नाहीत, कारण वाढीचे संप्रेरक ऑक्झिन तयार होण्यासाठी रोपाला जस्त लागते. ते मिळाले नाही की पाने एकावर एक दाटून बसल्यासारखी दिसतात.

आता याच्याशी गल्लत होणाऱ्या गोष्टी. लोहाची कमतरताही नव्या पानावरच येते, पण तिच्यात बारीक पिवळ्या-हिरव्या रेघा पानाच्या बुडापासून टोकापर्यंत सारख्या धावतात. गंधक कमी असेल तर नवे पान एकूणच फिकट होते, रुंद पट्टे पडत नाहीत. मॅग्नेशियमची कमतरता खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते. नत्राची कमतरताही जुन्या पानांवरच येते आणि टोकाकडून मधल्या शिरेवरून इंग्रजी व्ही अक्षरासारखी आत उतरते.

एक गल्लत तर मी फार वेळा पाहिली आहे. मक्यात टेंबोट्रिऑन गटातले तणनाशक मारल्यावर काही वाणांत नवी पाने आठवडाभर पांढुरकी पडतात. ती कमतरता नसते, तणनाशकाचा तात्पुरता परिणाम असतो आणि पीक आपोआप सावरते. म्हणून पानाचा फोटो दाखवण्याआधी स्वतःलाच विचारा: मागच्या दहा-बारा दिवसांत तणनाशक मारले होते का? पांढरेपणा सगळ्या शेतात सारखा आहे, की पंपाच्या फेरीप्रमाणे पट्ट्यापट्ट्याने आहे? पंपाच्या फेरीशी जुळणारा पट्टा बहुतेक वेळा फवारणीचाच असतो. जमिनीची कमतरता जमिनीच्या उंच-सखल रचनेप्रमाणे, म्हणजे चढाच्या जागी, चुनखडीच्या पांढऱ्या टेकाडावर किंवा सपाटीकरणात वरची माती निघून गेलेल्या तुकड्यावर दिसते.

आठ-दहा दिवस झड लागली, रानात पाणी साचले आणि मका पिवळा-पांढरा झाला, तर फवारणीची घाई करू नका. थंड, ओल्या जमिनीत मुळे मंदावतात आणि जस्त उचलत नाहीत. आधी चर काढून पाणी बाहेर घाला. ऊन पडल्यावर चार-पाच दिवसांत नवे पान हिरवे निघत असेल, तर तुमचा पुडा वाचला.

जस्त जमिनीत असते, पिकाला मिळत नाही

हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. बहुतेक शेतजमिनींत एकूण जस्त किलोमागे कित्येक मिलिग्रॅम असते, पण पिकाला उचलता येण्याजोगे त्यातले अगदी थोडे. मराठवाड्यातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा त्याहून वर असतो. सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेले जस्त सैद्धांतिकदृष्ट्या शंभर पटीने घटते. त्यात भर सेंद्रिय कर्ब कमी असल्याची आणि दरवर्षी ओतलेल्या डीएपी या स्फुरदाच्या खताची. जमिनीत स्फुरद जास्त झाले की मुळांकडून जस्त उचलले जाणे आणि ते वर पोचणे, दोन्ही मंदावतात. स्फुरदाच्या जोरावर रोप झपाट्याने वाढले की आहे ते जस्तही विरळ पडते. सपाटीकरण केलेल्या जमिनीत पहिली दोन-तीन वर्षे जस्त कमी पडणे अगदी ठरलेले, कारण सेंद्रिय पदार्थ आणि उपलब्ध जस्त वरच्याच थरात असते आणि नेमका तोच थर आपण ढकलून दिलेला असतो.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे नाही. तुर्कस्तानच्या मध्य अनातोलियात चुनखडीच्या कोरड्या जमिनीवरचा गहू वर्षानुवर्षे अडखळत होता. १९९० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी कारण शोधले, तेव्हा ते जस्त निघाले. आपल्या देशात भाताचा ‘खैरा’ हा रोगच मानला जात होता. उत्तरेच्या तराई भागात लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके पडून शेतेच्या शेते खुरटायची. १९६६ मध्ये पंतनगर कृषी विद्यापीठातले डॉ. वाय. एल. नेने यांनी दाखवून दिले, की ही बुरशी नाही, जीवाणू नाही, जस्ताची कमतरता आहे. झिंक सल्फेट आणि चुना फवारून ती शेते सावरली. चिलेटचा पुडा हातात घेताना ही गोष्ट आठवावी. तिथे काम साध्या सल्फेटनेच झाले होते.

माती तपासा, पण नमुना नीट घ्या

जस्तासाठी मातीचा नमुना घेताना एक चूक सगळ्यांत जास्त होते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या बादलीत माती गोळा केली जाते. त्या पत्र्याला जस्ताचाच मुलामा असतो. त्याचे कण मातीत मिसळले की अहवालात जस्त भरपूर दिसते आणि पीक मात्र पांढरेच राहते. प्लास्टिकची पाटी, लाकडी खुरपे किंवा स्वच्छ, न गंजलेले स्टीलचे खुरपे वापरा.

शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा, १५ ते २० सेंटिमीटर खोल. त्याच्या एका बाजूची बोटभर जाड चकती वरपासून खालपर्यंत काढा. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताचा ढीग होता त्या जागी आणि नुकतेच खत टाकलेल्या ओळीत नमुना घ्यायचा नाही. सगळी माती सावलीत वाळवा, ढेकळे फोडा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरेपर्यंत आणा. पांढरा पट्टा आणि हिरवा भाग यांचे नमुने वेगळे द्या. हे दोन अहवाल शेजारी ठेवले की जे कळते, ते एका अहवालात कळत नाही.

अहवालात डीटीपीए पद्धतीने (पिकाला मिळण्याजोगे जस्त मोजण्याची प्रयोगशाळेची रीत) काढलेले जस्त ०.६ मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा कमी असेल तर जमीन कमतरतेची समजतात. हा आकडा छोटा वाटतो, म्हणून एकराचा हिशेब मांडून पाहा. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ९ लाख किलो माती असते. किलोला ०.६ मिलिग्रॅम म्हणजे एकरभरात जेमतेम अर्धा किलो उपलब्ध जस्त. अहवालातला सामू, मुक्त चुनखडी, सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद हे चार रकानेही जस्ताच्याच शेजारी ठेवून वाचा. जस्त ०.७ असले आणि स्फुरद ‘अति जास्त’ असले, तर मी ती जमीन निर्धास्त समजत नाही.

चिलेट म्हणजे नेमके काय विकत घेतो आपण

चिलेट हा शब्द ग्रीक ‘खेले’ वरून आला, अर्थ खेकड्याची नांगी. ईडीटीए हा सेंद्रिय रेणू जस्ताच्या अणूला चहूबाजूंनी नांगीत धरावे तसा धरतो. त्यामुळे पाण्यातला बायकार्बोनेट, मातीतला चुना किंवा टाकीतले स्फुरद जस्ताला लगेच पकडू शकत नाही. जस्त विरघळलेले राहते. चिलेटचे मोल एवढेच आणि हे मोल खरे आहे.

पण नांगीची पकड कायमची नसते. फार आम्ल द्रावणात ती सैल होते. आम्ल जमिनीत लोह जस्ताला हुसकावून तिथे बसते. सामू ८ च्या वर असलेल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम हळूहळू जस्ताची जागा घेते. म्हणून ‘जमिनीत चिलेट टाका, कितीही चुनखडी असू दे’ हा सल्ला अर्धवट आहे. काही आठवडे फायदा मिळतो, हंगामभर मिळेलच असे नाही.

खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे झिंक ईडीटीएमध्ये किमान १२ टक्के जस्त असायला हवे. पुड्यावर हा आकडा, ‘ईडीटीए’ हा शब्द, बॅच, उत्पादनाची तारीख आणि परवाना क्रमांक शोधा. पुड्यावर नुसते ‘चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट’ लिहिले असेल आणि टक्केवारी नसेल, तर पुडा परत ठेवा. पक्के बिल घ्या. बिलाशिवाय तक्रार उभी राहत नाही.

घरी एक सोपी पारख करता येते. आरओचे अर्धा ग्लास पाणी घ्या, त्यात पाव चमचा झिंक ईडीटीए ढवळा. ते पूर्ण विरघळून पाणी नितळ राहिले पाहिजे. दुसऱ्या ग्लासात आरओच्याच पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा विरघळवून तो पहिल्यात ओता. चिलेट खरे असेल तर पाणी नितळच राहते. दह्यासारखा पांढरा साका धरला, तर आत साधे झिंक सल्फेट मिसळलेले असण्याची दाट शक्यता. बोअरचे पाणी या पारखीला चालत नाही, कारण सोड्याने त्यातला कॅल्शियमच पांढरा होतो. ही पारख भेसळ दाखवते, १२ टक्के भरतात की नाही ते दाखवत नाही. शंका आली तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात खत निरीक्षकाकडून नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो.

पैशाचा हिशेब, प्रामाणिकपणे

भाव गावागणिक बदलतात, म्हणून रीत सांगतो. किमतीला किलोतल्या जस्ताच्या ग्रॅमने भागा. समजा झिंक ईडीटीए ४०० रुपये किलो पडले. त्यात १२० ग्रॅम जस्त, म्हणजे ग्रॅमला साधारण ३ रुपये ३३ पैसे. समजा २१ टक्क्यांचे झिंक सल्फेट ७० रुपये किलो पडले. त्यात २१० ग्रॅम जस्त, म्हणजे ग्रॅमला ३३ पैसे. दहापट फरक. सल्फेटमध्ये गंधक मिळते ते वेगळेच. आपल्या दुकानातले भाव घालून हेच भागाकार करा.

मग चिलेट घ्यायचेच कशाला? तीन ठिकाणी ते पैसे वसूल करते. पहिले, उभ्या पिकावर लक्षणे दिसली आहेत आणि आठवड्याभरात नवे पान हिरवे काढायचे आहे. दुसरे, पाणी जड आहे किंवा टाकीत इतर विद्राव्य खते आहेत आणि सल्फेटचा साका होतो. तिसरे, ठिबक. या तिन्हींबाहेर, पेरणीआधी जमिनीत द्यायचे असेल तर शेणखतात मुरवलेले झिंक सल्फेट हाच माझा सल्ला आहे. चिलेटचे दोन पुडे विकले गेले नाहीत म्हणून दुकानदार नाराज होईल, पण जमीन तुमची आहे.

फवारणी: दिवस, मात्रा, पाणी

मका चार ते सहा पानांवर असताना पहिली फवारणी, म्हणजे उगवणीनंतर साधारण १५ ते २० दिवसांनी. दुसरी त्यानंतर १० ते १२ दिवसांनी. गुडघाभर उंचीनंतर केलेली फवारणीही पिकाला लागते, पण कणसाची आणि दाण्यांच्या ओळींची पायाभरणी तोवर बरीच उरकलेली असते. म्हणून लक्षणांची वाट पाहण्यापेक्षा मागच्या वर्षी पट्टा पडला होता त्या तुकड्यात लक्षणाआधीच फवारणे शहाणपणाचे.

झिंक ईडीटीएची मात्रा लिटरला १ ग्रॅम. कोवळ्या रोपांवर आणि कडक उन्हाच्या दिवसांत अर्ध्या ग्रॅमने सुरुवात करा, २ ग्रॅमच्या वर जाऊ नका. १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला १५ ग्रॅम. या अवस्थेत एकराला दहा-बारा पंप लागतात, म्हणजे १५० ते १८० ग्रॅम पावडर, आणि त्यातून पिकावर पोचले १८ ते २२ ग्रॅम जस्त. एक टन मक्याच्या दाण्यातून साधारण २० ते २५ ग्रॅम जस्त शेताबाहेर जाते. २५ क्विंटल उत्पादन धरले तर दाण्यातूनच ५० ते ६० ग्रॅम गेले, वर चारा. दोन फवारण्या पिकाला आत्ता उभे करतात, पण जमिनीला काही उरत नाही, ते या आकड्यांवरून दिसते.

घरी तोलकाटा नसेल तर दुकानातून १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्या. बाटलीच्या झाकणाने मोजलेली मात्रा दर पंपाला वेगळी पडते. पावडर आधी अर्ध्या बादली स्वच्छ पाण्यात विरघळवा, मग अर्ध्या भरलेल्या पंपात ओता, मग वर पाणी घाला. चिकटद्रव्य त्याच्या पुड्यावरच्या मात्रेने, सगळ्यांत शेवटी. लिटरला ५ ग्रॅम यूरिया टाकला तर पानातून शिरकाव सुधारतो. त्याहून जास्त कोवळ्या मक्यावर नको.

वेळ सकाळी दव ओसरल्यावर किंवा संध्याकाळी चारनंतर. पान जितका वेळ ओले राहील तितके जस्त आत जाते, म्हणून दुपारच्या उन्हातली फवारणी अर्धी वाया जाते. पुढच्या चार-सहा तासांत पावसाचा रंग असेल तर थांबा. हॉलो कोन नोझल वापरा आणि धार पोंग्यावर, नव्या पानांवर ठेवा. २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप यासाठी वापरू नका, कितीही धुतला तरी. हातमोजे आणि मास्क घाला, पावडरीची धूळ डोळ्यांना चुरचुरते.

एक काम अगदी आवर्जून करा. पट्ट्यातल्या चार ओळी न फवारता सोडा आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. हेच तुमचे खरे प्रयोगशेत. त्याशिवाय ‘फरक पडला’ असे म्हणता येत नाही, कारण पाऊस थांबूनही पीक हिरवे होते.

टाकीत काय एकत्र नको

झिंक सल्फेट १२:६१:०० या स्फुरदाच्या विद्राव्य खताच्या किंवा डीएपीच्या द्रावणात मिसळले तर पांढरा झिंक फॉस्फेट तळाला बसतो. झिंक ईडीटीए बहुधा विरघळलेलेच राहते, आणि ठिबकच्या शेतकऱ्याला ते परवडण्याचे मोठे कारण हेच. पण चिलेट म्हणजे काहीही चालते असे नाही. तांबेयुक्त बुरशीनाशकाबरोबर ते कधीही घालू नका. ईडीटीएला तांबे जस्तापेक्षा जास्त जवळचे. नांगी जस्त सोडून तांब्याला धरते, आणि मग तेच तांबे पानात शिरून पान जळू शकते. बोर्डो मिश्रणाबरोबर (मोरचूद आणि चुना) तर अजिबात नाही. फॉस्फोरिक आम्लाने फार आंबट केलेल्या टाकीतही नको.

लष्करी अळीसाठी पोंग्यात कीटकनाशक मारायची वेळ आणि झिंकची वेळ नेमकी एकच येते, त्यामुळे एकाच पंपात दोन्ही टाकायचा मोह होतो. मी दोन दिवसांचे अंतर ठेवून वेगवेगळे फवारतो. मजुरी वाचवायचीच असेल तर आदल्या दिवशी बाटलीत चाचणी करा. एक लिटर आपल्याच बोअरचे पाणी, त्यात सगळे घटक शेतातल्याच प्रमाणात, अर्धा तास थांबायचे. चकत्या, साका, तेलाचा थर किंवा गरमपणा जाणवला, तर बेत रद्द. चाचणी नीट उतरली तरी आधी दहा-वीस रोपांवर मारून दुसऱ्या दिवशी पाने पाहा.

साधे झिंक सल्फेट फवारायचे असेल तर लिटरला ५ ग्रॅम आणि त्याबरोबर २.५ ग्रॅम कळीचा चुना. चुना आदल्या रात्री भिजवून, वरचे निवळ गाळून घ्या, म्हणजे नोझल अडकत नाही. चुन्याशिवाय सल्फेट आम्ल पडते आणि पानाची टोके करपतात. हा जुना, स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे.

ठिबकमधून

भाजीपाला, केळी, मोसंबी, द्राक्षे यांत एकराला साधारण ५०० ग्रॅम झिंक ईडीटीए एका वेळी देतात. आधी खताच्या टाकीत शंभरेक लिटर पाण्यात ते नीट विरघळवा. सिंचनाच्या वेळेचे तीन भाग करा: पहिल्या भागात नुसते पाणी, मधल्या भागात खत, शेवटच्या भागात पुन्हा नुसते पाणी, म्हणजे नळ्या धुतल्या जातात आणि द्रावण मुळांच्या थरात राहते. चिलेट मातीत सल्फेटपेक्षा सहज सरकते. म्हणूनच ते मुळांपर्यंत पोचते, आणि म्हणूनच चार तास पाणी सोडले तर मुळांच्या खाली निघूनही जाते. माती वाफशावर असताना द्या, चिखलात नको.

‘दर पंधरवड्याला थोडे चिलेट’ असा कार्यक्रम मला पटत नाही. ईडीटीए जमिनीत सहजासहजी कुजत नाही आणि जस्ताइतकेच ते शिसे-कॅडमियमसारख्या धातूंनाही विरघळवून हलवते. जस्त अति झाले की लोहाची कमतरता ओढवते, ती वेगळीच. सोयाबीन आणि भुईमूग यांना जास्तीचे जस्त विशेष सोसत नाही.

इतर पिकांत थोडक्यात

मोसंबी आणि संत्र्यात पाने लहान, अरुंद होतात, शिरांमधला भाग पिवळा पडून पान चितकबरे दिसते आणि शेंड्याला पाने गुच्छासारखी बसतात. फवारणी नव्या पालवीवर करा, पान दोन-तृतीयांश उघडल्यावर. जुन्या, चामड्यासारख्या झालेल्या पानातून फारसे आत जात नाही. द्राक्षात पाने लहान राहतात, देठाजवळचा खाच रुंद होतो आणि घडात मोठ्या मण्यांबरोबर बारीक मणी राहतात. तिथे फुलोऱ्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांतली फवारणी कामाची, मणी दिसू लागल्यावर जस्त मारून घड दुरुस्त होत नाही.

उसाला चिलेटच्या आधी बेसल, म्हणजे लागणीवेळी जमिनीत द्यायची मात्राच नीट द्यावी. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कमतरतेच्या जमिनीसाठीची शिफारस हेक्टरी २० किलो झिंक सल्फेटची आहे, फेरस सल्फेट, मँगेनीज सल्फेट आणि बोरॅक्ससह, दहापट शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून. भंडारा-गोंदियाकडच्या बांध्यांत धानाला खैराची लक्षणे दिसली तर पाणी काढून फवारणी करा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी भरा.

फवारल्यानंतर काय पाहायचे

पांढरे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. ते पाहून निराश होऊ नका आणि लगेच दुसरा पुडा फोडू नका. सात ते दहा दिवसांनी पोंग्यातून निघालेले नवे पान पाहा. बुडाशी पट्टे नसतील आणि खुंट्या ठोकलेल्या ओळींत असतील, तर निदान बरोबर होते. दोन्हीकडे सारखेच हिरवे असेल, तर पीक हवामानाने सावरले. दोन्हीकडे सारखेच पांढरे असेल, तर कारण दुसरे आहे. मुळे उपटून पाहा, हुमणी किंवा मुळकूज आहे का ते पाहा. नव्या पानात बारीक रेघा दिसत असतील तर लोहाचा विचार करा.

मका काढल्यावर, रब्बीच्या किंवा पुढच्या खरिपाच्या तयारीत जमिनीकडे वळायचे. एकराला ८ ते १० किलो झिंक सल्फेट, २१ टक्क्यांचे. दहापट चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घ्या, म्हणजे ८० ते १०० किलो. थर देत मिसळा, पाणी शिंपडा, गोणपाटाने झाका आणि पाच-सहा दिवस सावलीत मुरू द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्ले जस्ताला धरून ठेवतात. ते ईडीटीएइतके घट्ट धरत नाहीत, पण काम त्याच जातीचे करतात. हे मिश्रण पेरणीआधी पट्ट्याच्या जागी थोडे जास्त, बाकी रानात सारखे पसरा आणि वखराने मातीत मिसळा. डीएपीच्या ओळीत एकत्र पेरू नका, दोन्ही वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या जागी. १० किलोतून जमिनीत २.१ किलो जस्त गेले, आधी मांडलेल्या अर्ध्या किलोच्या सीमेच्या चौपट. त्यातले बरेच माती हळूहळू बांधून टाकेल, तरी दोन-तीन पिकांना हे पुरते, म्हणून दरवर्षी टाकायची गरज नाही. अहवालात स्फुरद जास्त असेल तर त्या वर्षी डीएपी कमी करा. जस्ताच्या दृष्टीने तोही एक उपायच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

तिसऱ्या वर्षी त्याच दोन जागांचे, म्हणजे पट्ट्याचे आणि हिरव्या भागाचे, नमुने पुन्हा द्या, त्याच महिन्यात आणि त्याच खोलीवरून. जुने अहवाल फायलीत जपून ठेवले असतील तर आकडे शेजारी मांडता येतील, आणि पट्ट्यातले जस्त ०.६ च्या वर सरकले असेल तर त्या तुकड्यापुरता फवारणीचा पुडा त्या वर्षी आणायचा नाही.